वर्गणीची यादी आणि तीन अॅरे

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पॅरलल अॅरेचा, म्हणजे एकाच क्रमांकाच्या खणांत एकाच माणसाची माहिती ठेवणाऱ्या अनेक अॅरेंचा (खणांच्या याद्यांचा) धडा आला की आम्ही पुस्तकातली विद्यार्थी आणि गुणांची यादी बाजूला ठेवतो आणि गणपतीच्या वर्गणीची यादी घेतो. बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास वाढलेल्या मुलाला ती समजावून सांगावी लागत नाही. नाव, घर क्रमांक, रक्कम, झालं. शिवाय गुणांची यादी चुकली तर मुलं हसून सोडून देतात, पण शिंद्यांनी दिलेले १००१ कुलकर्ण्यांच्या नावापुढे फलकावर लागले तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

इथले कोडचे तुकडे देवनागरीत आहेत. टाइप करताना इंट (पूर्ण आकडा), स्ट्रिंग (मजकूर), फॉर (लूप, म्हणजे फेऱ्या), इफ (जर) हे जावाचे शब्द रोमन लिपीतच हवेत, कोडमधले आकडेही रोमन. अॅरेंची नावं मात्र खरोखरच देवनागरीत चालतात, कारण जावा युनिकोडमधली अक्षरं नावात घेतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. लॅबमधल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर जेडीके (जावाचा संच) ८ किंवा ११ असेल तर कंपाइल करताना ‘जावासी’ या कंपायलरच्या आज्ञेपुढे ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ जोडायचं, नाहीतर ‘इललीगल कॅरेक्टर’च्या चुकांची रांग लागते. २०२२ मध्ये आलेल्या जेडीके १८ पासून हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात अशी होते:

स्ट्रिंग[] नावे = न्यू स्ट्रिंग[५०];
इंट[] घरे = न्यू इंट[५०];
इंट[] रकमा = न्यू इंट[५०];
इंट संख्या = ०;

पहिल्या तीन ओळी सगळे लिहितात. चौथी विसरतात, आणि निम्म्या अडचणी तिथून सुरू होतात. जावातला अॅरे एकदा ५० खणांचा केला की ५० चाच राहतो. वर्गणी पाचच जणांनी दिलेली असली तरी नावे.लेंग्थ ५० सांगतो. उरलेले ४५ खण रिकामे नसतात, त्यांत जावाने स्वतःहून भरलेलं काहीतरी असतं: इंटच्या अॅरेत ०, डबलच्या अॅरेत ०.०, बुलियनच्या अॅरेत फॉल्स आणि स्ट्रिंगच्या अॅरेत नल, म्हणजे ‘इथे वस्तूच नाही’ अशी खूण. लूप लेंग्थपर्यंत फिरवला तर छापताना ‘नल ० ०’ अशा ४५ ओळी येतात. ते तरी दिसतं. नलवर कंपेअरटू (दोन स्ट्रिंगांत आधी कोण ते सांगणारं) चालवलं की प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन थांबतो. म्हणून नियम एकच ठेवतो, अॅरे कितीही मोठा असो, लूप ‘संख्या’पर्यंतच.

या तीन अॅरेंचं एकमेकांशी काही नातं आहे हे जावाला माहीत नसतं. नावे[१], घरे[१] आणि रकमा[१] मिळून एक माणूस होतो ही समजूत फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. कंपायलर ती तपासत नाही, प्रोग्रॅम चालतानाही कोणी तपासत नाही. त्यामुळे इथल्या बहुतेक चुका लाल अक्षरांत येत नाहीत, चुकीचं उत्तर गुपचूप छापून जातात. पुढे जे काही करायचं ते या एका गोष्टीभोवती फिरतं.

माहिती भरण्यापासूनच गडबड सुरू होते. कीबोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनरच्या नेक्स्टइंटने घर क्रमांक आणि रक्कम वाचायची, मग नेक्स्टलाइनने पुढचं नाव, असं बहुतेक मुलं लिहितात. पहिला माणूस नीट भरला जातो. दुसऱ्याचं नाव विचारल्यासारखं होतं आणि प्रोग्रॅम थांबतच नाही, थेट घर क्रमांकावर जातो. कारण नेक्स्टइंट आकडा उचलतो, पण त्यानंतर दाबलेला एंटर तिथेच पडून राहतो, आणि नेक्स्टलाइन त्या एंटरपर्यंतची रिकामी ओळ नाव म्हणून घेऊन जातो. मध्ये एक फालतू नेक्स्टलाइन टाकून हे भागवता येतं, पण ती ओळ नेमकी कुठे टाकायची यात पुन्हा घोळ होतो. आम्ही सरळ सगळंच नेक्स्टलाइनने वाचायला लावतो आणि आकड्यासाठी इंटिजर.पार्सइंट वापरतो (‘एससी’ हे स्कॅनरचं नाव):

रकमा[संख्या] = इंटिजर.पार्सइंट(एससी.नेक्स्टलाइन().ट्रिम());

ट्रिम हवाच, कारण आकड्यानंतर एक स्पेस राहिली तरी पार्सइंट नंबर फॉरमॅट एक्सेप्शन देतो. पावतीच्या सवयीने ‘५०१/-’ किंवा ‘१,००१’ टाइप केलं तरी तेच. देवनागरी अंकांत ५०१ टाइप केलं मात्र चालतं, पार्सइंट ते अंक ओळखतो. हे पाहून मुलं खूश होतात, त्यांना होऊ द्यावं.

तिन्ही अॅरेंत भरून झाल्यावरच शेवटी संख्या++ करायचं. नाव भरल्यावर लगेच केलं तर घर आणि रक्कम पुढच्या खणात जाऊन बसतात आणि पूर्ण यादी एकाने सरकते. आणि भरण्याआधी संख्या < नावे.लेंग्थ आहे ना हे पाहायचं. नाहीतर एक्कावन्नाव्या नावाला, जेडीके ११ पासून, ‘इंडेक्स ५० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५०’ येतं. हा निरोप नीट वाचायला शिकवावा. ५० खणांचा अॅरे ० ते ४९ पर्यंतच असतो, हे त्यातच लिहिलेलं आहे.

पुढे सगळीकडे हीच पाच नावं वापरतो:

० – कुलकर्णी, १०२, ५०१
१ – शिंदे, २०४, १००१
२ – अभ्यंकर, ३०१, २५१
३ – जोशी, १०३, १०१
४ – पवार, २०१, ५०१

एकूण २३५५.

बेरीज सोपी, त्यावर वेळ घालवत नाही. सरासरीला फक्त एक खाच आहे. जोशींचं नाव काढलं तर चौघांचे २२५४ राहतात आणि सरासरी ५६३.५० यायला हवी, पण इंटला इंटने भागलं की जावा ५६३ देऊन मोकळं होतं. आधी १.० ने गुणायचं, मग भागायचं. वाढवलेला फॉर, म्हणजे ‘फॉर (इंट र : रकमा)’, बेरजेला सुटसुटीत वाटतो, पण तो संख्येवर न थांबता पूर्ण अॅरेभर फिरतो आणि त्यात जागेचा क्रमांक हातात नसतो. पॅरलल अॅरेत क्रमांक नाही तर काहीच नाही. म्हणून या धड्यापुरता आम्ही तो वर्ज्यच केलाय.

सर्वांत जास्त वर्गणी कोणाची, हा प्रश्न जास्त कामाचा. मुलं ‘कमाल’ नावाचा इंट घेतात, लूप संपल्यावर त्यात १००१ असतात, आणि मग ते दिले कोणी हे सांगता येत नाही. मग रकमेवरून नाव शोधायला दुसरा लूप लिहितात. रकमेऐवजी जागा लक्षात ठेवायची:

इंट मोठी = ०;
फॉर (इंट आय = १; आय < संख्या; आय++)
  इफ (रकमा[आय] > रकमा[मोठी]) मोठी = आय;

शेवटी ‘मोठी’त १ असतो, आणि त्या १ वरून नावे, घरे, रकमा तिन्ही उघडतात. नाव शोधण्याच्या मेथडनेही (एकेका कामाचा वेगळा काढलेला तुकडा) जागाच परत द्यावी, सापडलं नाही तर -१. तुलना इक्वल्सने करायची. == दोन स्ट्रिंगा एकच वस्तू आहेत का ते पाहतं, अक्षरं पाहत नाही, त्यामुळे कीबोर्डवरून आलेलं ‘जोशी’ आणि अॅरेतलं ‘जोशी’ त्याला वेगळं वाटतं. आणि परत आलेला -१ न तपासता रकमा[-१] कोणीतरी लिहितंच.

नाव काढून टाकणं, म्हणजे पावती दोनदा फाडली गेली असेल तर, यात जागा बुजवावी लागते. मागचे सगळे एकेक खण पुढे सरकतात, तिन्ही अॅरेंत, एकाच लूपमध्ये:

फॉर (इंट आय = जागा; आय < संख्या - १; आय++) {
  नावे[आय] = नावे[आय + १];
  घरे[आय] = घरे[आय + १];
  रकमा[आय] = रकमा[आय + १];
}
संख्या--;

इथे ‘संख्या - १’ ऐवजी ‘संख्या’ लिहिलं तर पाच नावांवर काहीच बिघडत नाही, कारण सहाव्या खणातला नल उचलला जातो आणि संख्या कमी झाल्यामुळे तो कोणाला दिसत नाही. यादी पूर्ण ५० झाली त्या दिवशी प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून तपासताना आम्ही अॅरे मुद्दाम पाचच खणांचा करून पाच नावं भरायला लावतो.

मधे नाव घालायचं असेल तर सरकवणं उलट, शेवटाकडून. पुढून सुरू केलं तर पहिल्याच फेरीत पुढच्या खणातलं नाव पुसलं जातं आणि एकच नाव शेवटपर्यंत उमटत जातं.

काढून टाकण्याची वेगळी मेथड केली की आणखी एक कोडं पडतं. मेथडला दिलेल्या अॅरेत बदल केला तर तो बाहेरही दिसतो, कारण तिथे अॅरेचा पत्ताच गेलेला असतो. ‘संख्या’ मात्र साधा इंट, त्याची नक्कल जाते. मेथडमध्ये संख्या-- केलं तरी बाहेर ती पाचच राहते, आणि शेवटचं नाव यादीत दोनदा दिसतं. मेथडने नवी संख्या रिटर्न करायची आणि बोलावणाऱ्याने ती घ्यायची, एवढाच उपाय. संख्या स्टॅटिक (सगळ्या मेथडना मिळून एकच) करूनही चालतं, पण पहिल्याच महिन्यात ती सवय लावावी असं आम्हाला वाटत नाही.

आता सॉर्टिंग, म्हणजे यादी क्रमाने लावणं. यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो आणि मुलांना मुद्दाम चुकू देतो. यादी नावाप्रमाणे लावा म्हटलं की कोणीतरी इंटरनेटवरून अॅरेज.सॉर्ट(नावे) शोधून आणतं. अॅरे ५० चा आणि नावं पाच, त्यामुळे आधी नलवर आपटतं. मग अॅरेज.सॉर्ट(नावे, ०, संख्या) केलं जातं आणि यादी छापून येते:

अभ्यंकर, १०२, ५०१
कुलकर्णी, २०४, १००१
जोशी, ३०१, २५१
पवार, १०३, १०१
शिंदे, २०१, ५०१

नावं अगदी नीट लागलेली. एरर नाही. एकूण विचारलं तर २३५५, जुळलं! आणि एकाही ओळीत नाव, घर, रक्कम एकाच माणसाची नाही. कुलकर्ण्यांना पाचशे फुकट चिकटले, शिंद्यांचे पाचशे गेले. एकूण जुळतंय म्हणजे यादी बरोबर, असं समजणाऱ्या खजिनदाराला ही चूक विसर्जनापर्यंत सापडायची नाही. बेरीज जुळणं ही पॅरलल अॅरेची तपासणीच नाही, कारण आकडे जागा बदलले तरी तेवढेच राहतात.

म्हणून अदलाबदल हाताने लिहायची, तिन्ही अॅरेंत. यासाठी आम्हाला शेजारशेजारच्या नावांची अदलाबदल करत जाणाऱ्या बबल सॉर्टपेक्षा सिलेक्शन सॉर्ट बरा वाटतो. त्यात आतला लूप फक्त सर्वांत लहान नावाची जागा शोधतो, आणि अदलाबदल आतला लूप संपल्यावर एकदाच होते. पाच नावांना जास्तीत जास्त चार अदलाबदली, आणि त्या लिहायची जागा एकच. बबलमध्ये अदलाबदल सर्वांत आतल्या इफमध्ये असते, आणि तिथे महिरपी कंस चुकण्याचा धोका मोठा. नावांची अदलाबदल कंसात आणि रकमांची कंसाबाहेर राहिली की प्रत्येक तुलनेला रकमा बदलत राहतात, नावं बदलोत न बदलोत. एकूण? तेही २३५५च.

अदलाबदलीची वेगळी मेथड करावी, ‘बदला(नावे, घरे, रकमा, अ, ब)’ अशी, आणि इतर कुठेही खणांना थेट हात लावू नये. आत दोन तात्पुरत्या पेट्या लागतात, नावासाठी स्ट्रिंग आणि आकड्यांसाठी इंट. एकाच पेटीत दोन्ही ठेवायला गेलात तर कंपायलर ‘इंट कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू स्ट्रिंग’ म्हणून अडवतो. या धड्यात कंपायलर मदतीला येतो असा हा एक दुर्मीळ प्रसंग. उद्या मोबाइल नंबरचा चौथा अॅरे आला तर बदल त्या एका मेथडमध्ये करायचा. भरणं, काढणं आणि घालणं या तीन जागाही बदलाव्या लागतात, ते वेगळंच.

तपासणीसाठी एक युक्ती हमखास उपयोगी पडते. खऱ्यासारखी दिसणारी माहिती न भरता स्वतःची ओळख स्वतः सांगणारी भरायची. घर १०३ असेल तर नाव ‘जोशी१०३’ आणि रक्कम १०३०. मग प्रत्येक कामानंतर एक लूप चालवायचा, रकमा[आय] == घरे[आय] * १० आहे का. एका जागी जरी नाही आलं तरी ओळ फुटली, आणि कोणत्या कामानंतर फुटली तेही कळतं. नाव आणि घर जुळतंय का ते डोळ्यांनीच दिसतं. कागदावर ड्राय रन करतानाही, म्हणजे प्रोग्रॅम हाताने चालवून पाहतानाही, हीच माहिती घ्यावी.

नावं देवनागरीत असली की क्रमाचा एक उपप्रश्न येतो. कंपेअरटू युनिकोडमधल्या क्रमांकाने जातं, आपल्या वर्णमालेने नाही. आपल्याकडे ळ हा ह च्या नंतर, युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये. क्ष आपण शेवटी म्हणतो, पण कॉम्प्युटरला तो क, हलन्त आणि ष असा दिसतो, त्यामुळे क्षीरसागर हे शेवटी न जाता क च्या घरातच, कोल्हटकरांच्या लगेच मागे बसतात. बडोद्यात आणखी एक गंमत होते: शेजारच्या पटेलांचं नाव कोणी गुजराती लिपीत भरलं तर ते सगळ्या मराठी नावांनंतर जातं, कारण गुजराती अक्षरांचा गट युनिकोडमध्ये देवनागरीच्या पुढे आहे. रोमनमध्ये भरलं तर सगळ्यांच्या आधी. नवशिक्यांनी एक लिपी ठरवावी आणि पुढे जावं.

तिन्ही अॅरे न हलवताही यादी लावता येते, आणि हे ज्याला जमलं त्याला धडा कळला असं आम्ही धरतो. ‘क्रम’ नावाचा चौथा इंट अॅरे घ्यायचा, त्यात ०, १, २, ३, ४ भरायचे. सॉर्ट करताना तुलना नावे[क्रम[जे]] ची करायची, पण अदलाबदल फक्त क्रमच्या खणांची. शेवटी क्रममध्ये २, ०, ३, ४, १ येतात. छापताना नावे[क्रम[आय]], घरे[क्रम[आय]], रकमा[क्रम[आय]]. मूळ यादी पावतीच्या क्रमाने जशीच्या तशी राहते, नावाप्रमाणे एक क्रम आणि रकमेप्रमाणे दुसरा क्रम एकाच वेळी ठेवता येतो. इथे ‘इंट[] क्रम२ = क्रम’ लिहून वेगळा क्रम मिळाला असं समजू नये. तो त्याच अॅरेला दिलेला दुसरा हात आहे, एक बदलला की दोन्ही बदलतात. नवी प्रत हवी तर क्रम.क्लोन().

एवढं झाल्यावरच क्लास, म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारा जावातला साचा, काढतो. ‘वर्गणीदार’ नावाच्या क्लासमध्ये नाव, घर आणि रक्कम, आणि वर्गणीदार[] असा एकच अॅरे. जावा १६ किंवा पुढचं असेल तर रेकॉर्ड (असाच तयार, छोटा साचा) एका ओळीत होतो: रेकॉर्ड वर्गणीदार(स्ट्रिंग नाव, इंट घर, इंट रक्कम) {}. आता खण हलला की पूर्ण माणूस हलतो, आणि अॅरेज.सॉर्टला कंपॅरेटर (कशावरून लावायचं ते सांगणारा) देऊन काम भागतं. नल मात्र इथेही आहेतच, मर्यादा ० ते संख्या द्यावीच लागते.

नावाप्रमाणे लावलेली यादी पुन्हा रकमेप्रमाणे, मोठी आधी, अशी लावली तर ५०१ देणारे दोघे कुठल्या क्रमाने येतील? वस्तूंच्या अॅरेवर अॅरेज.सॉर्ट समान रकमांचा आधीचा क्रम मोडत नाही, त्यामुळे कुलकर्णी आधी आणि पवार नंतर हे ठरलेलं. हाताने लिहिलेल्या सिलेक्शन सॉर्टमध्ये ती हमी नाही. आमच्या पाच नावांवर तुलना > ने केली तर कुलकर्णीच आधी येतात, >= ने केली तर पवार वर जातात.